कळव्याचा पांढरा

लग्न करून कळव्याला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नाला सासरच्या गॅलरीत झुमके वाळत घातलेले दिसले. एका तारेला ओळीने लटकवलेले, चांगले साठ-सत्तर. पांढरे, केशरी, पोपटी, काही पाठीवर हिरवे आणि पोटाशी रुपेरी. कोवळ्या उन्हात ते असे चमकत होते की नवी नवरी चहाचं आधण विसरून उभीच राहिली. सासरे दागिन्यांचं काम करतात आणि सम्यकने आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, म्हणून तिला नवऱ्याचा थोडा रागही आला. तिने एकाला हात लावायला बोट पुढे केलं, तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "जपून. टोचेल."

ते कुंडलिक रोकडे, तिचे सासरे. त्यांनी तारेवरचा एक झुमका काढून तिच्यासमोर तळहातावर धरला. वाटाण्याएवढी शिशाची गोळी, आणि तिच्यातून बाहेर आलेला वाकडा गळ. मासे धरायचं सामान आहे, त्यांनी सांगितलं. याला जिगहेड म्हणतात. याच्यामागे रबराची शेपटी लावायची, दोरीला बांधून पाण्यात फेकायचं आणि ओढत आणायचं, म्हणजे मोठ्या माशाला वाटतं की लहान मासा पळतोय. स्वप्नाने वाकून पाहिलं. गोळीला डोळे होते. पिवळं वर्तुळ, त्यात काळं बुबुळ आणि बुबुळात सुईच्या टोकाने दिलेला पांढरा ठिपका, जिवंत डोळ्यात उजेड असतो तसा. एवढा बारीक ठिपका माशाला दिसतो का, असं तिने विचारलं.

"माशाचं माहीत नाही," कुंडलिक म्हणाले. "मला दिसतो."

स्वप्नाचं माहेर दिव्याला. पाणी कळशीने मोजून वापरणाऱ्या घरात वाढलेली, आणि डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये लोकांची रक्त-लघवी तपासणारी. शिसं म्हटल्यावर तिच्यातली लॅबवाली जागी झाली. घरात येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तिने सासऱ्यांना नियम घालून दिले. हातमोजे घालायचे, गोळ्या घासताना तोंडाला मास्क लावायचा, कामाचा शर्ट वेगळा, साबण वेगळा, आणि काम चालू असताना चहा बंद. सम्यकची पाचावर धारण बसली, आता बाबा काय म्हणतात. दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या खिळ्याला एक साबणदाणी लटकली, तिच्यात लाल साबण, आणि दाणीवर छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं, 'शिसं'. दर सहा महिन्यांनी स्वप्ना त्यांचं रक्त काढून तपासायला पाठवायची. ते हात पुढे करायचे आणि नळीकडे बघून विचारायचे, लाल बरोबर आलाय ना?

हा माणूस आधी कोण होता हे तिला हळूहळू कळलं, आणि तेही त्यांच्या तोंडून नाही. एकतीस वर्षं ते माजिवड्याच्या एका गाडी-दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये रंग जुळवायचं काम करायचे. गाडीचा एक दरवाजा ठोकला गेला तर तेवढाच रंगवायचा असतो. पण सात वर्षं उन्हात तापलेल्या गाडीला कंपनीचा डब्यातला रंग लावला की तो दरवाजा दुसऱ्याच गाडीचा वाटतो. मग मूळ रंगात थेंब थेंब घालत जायचं. इथे जरा काळा, इथे पिवळ्याचा वास. ते थेंब कुंडलिक डोळ्याने मोजायचे. घोडबंदर रोडचे एक डॉक्टर आपली मरून गाडी घ्यायला आले, तीनदा गाडीभोवती फिरले आणि चिडून म्हणाले, काम अजून सुरूच केलं नाहीत का? ही गोष्ट शेठ पुढची दहा वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होता.

जुळवलेल्या प्रत्येक रंगात पत्र्याची एक बोटभर पट्टी बुडवायची, वाळली की तिच्या पाठीवर गाडीचा नंबर खिळ्याने कोरायचा, आणि भोक पाडून तारेत ओवायची, अशी त्या कामाची रीत. बाकीचे रंगारी वर्षभराने पट्ट्या भंगारात टाकायचे. कुंडलिकांनी एकही टाकली नाही. बिस्किटांच्या तीन मोठ्या डब्यांत त्यांच्या नऊशेवर पट्ट्या होत्या. स्वप्नाने पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा ती जमिनीवर बसूनच राहिली. एकट्या राखाडीच्या शंभर. एकसारख्या दोन नाहीत. जगात एवढे राखाडी आहेत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढे गॅरेजात मशीन आलं. इस्त्रीसारखं दरवाजावर टेकवायचं, की कुठला रंग किती घालायचा ते आपोआप छापून येतं. कुंडलिक मशीनवर कधी चिडले नाहीत. दहात नऊ वेळा बरोबर सांगतं, म्हणायचे. दहाव्या वेळेसाठी शेठने त्यांना दोन वर्षं ठेवलं. मग शेठला नऊही पुरेसे वाटायला लागले.

घरी बसले ते चार महिने नुसते बसले. तेव्हा त्याच मरून गाडीच्या डॉक्टरांचा मुलगा मितेश त्यांना शोधत कळव्याला आला. त्याला सुट्टीच्या दिवशी खाडीवर दांडी घेऊन मासे धरायचा नाद, आणि विकत घेतलेल्या जिगहेडचा रंग दोन फेकीत सोलून निघायचा. मूठभर उघड्या शिशाच्या गोळ्या त्याने टीपॉयवर ओतल्या आणि म्हणाला, काका, यांना तेवढा टिकेल असा रंग लावून द्या. कुंडलिकांनी एक उचलून बघितली. मग विचारलं, तुला कुठला मासा धरायचाय? जिताडा. जिताडा काय खातो? बोईट.

पुढची हकीगत सम्यक रंगवून सांगायचा. बाबांनी कळव्याच्या बाजारातून दोन ताजे बोईट आणले, एक स्टीलच्या ताटात गॅलरीत मांडला आणि संध्याकाळपर्यंत कोणाला चुलीजवळ नेऊ दिला नाही. घरभर वास. शेजारी नाक दाबून विचारायला आले. बाबा त्या माशाच्या पोटाकडे बघत पांढरा रंग बनवत होते. पोट पांढरं म्हणायचं एवढंच, त्यात भाताच्या पेजेचा करडेपणा होता, थोडा गुलाबी होता, आणि कडेला कशाचा तरी हिरवट स्पर्श. अकरा पट्ट्या बुडवून झाल्या, अकराही बाद. बारावी त्यांनी ओलीच माशाच्या पोटावर ठेवली, आणि सम्यक शपथेवर सांगायचा की पट्टी कुठे संपते आणि मासा कुठे सुरू होतो ते दिसेना. तिच्या पाठीवर त्यांनी कोरलं, 'बोईट'. मग दुसरा बोईट तळला.

त्या रंगाला दांडीवाल्यांत नाव पडलं, कळव्याचा पांढरा. मुंब्र्यापासून डोंबिवलीच्या मोठागावच्या रेतीबंदरापर्यंत जो दांडी धरायचा त्याला हे नाव ठाऊक. दिव्याच्या बाजूचे महिपत म्हातारे, ज्यांचा जन्म जाळं ओढण्यात गेला, ते आधी या रंगीत गोळ्यांना हसायचे. मासा काय बाजाराला आलाय का रंग बघून घ्यायला, म्हणायचे. एके दिवशी मितेशने दिलेली गोळी त्यांनी गंमत म्हणून पाण्यात टाकली आणि हातभर जिताडा वर आला. म्हातारे अर्धा जिताडा केळीच्या पानात बांधून थेट कळव्याला, कोण हा माणूस म्हणून बघायला.

स्वप्ना संध्याकाळी लॅबमधून आली की हातपाय धुऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर बसायची. बघायला. आधी जुना टूथब्रश आणि व्हिनेगर घेऊन शिशावरची काजळी घासायची, मग धुऊन, वाळवून अस्तराचा हात. त्यावर रंग. दोरी ओवायच्या बारीक कडीत रंग साचला तर सुईने मोकळी करायची. डोळ्याचं वर्तुळ खिळ्याच्या माथ्याने, बुबुळ काडेपेटीच्या काडीने. चिमट्यात धरलेला गळ दोन बोटांत फिरायचा आणि एकही थेंब ओघळायचा नाही. पासष्टीच्या माणसाचे हात, पण त्यांना कंप म्हणून नव्हता. तिला देवधर्माचं वेड नव्हतं, या घरातही ते नव्हतं, पण त्या हातांकडे बघताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

तिथेच त्यांनी तिला बघायला शिकवलं. रंगाकडे एकटक बघायचं नाही, म्हणाले. एकदा बघायचं, मग नजर काढून भिंतीकडे न्यायची, मग परत बघायचं. "डोळा फार लवकर शहाणा होतो. त्याला सवय झाली की तो खोटं बोलायला लागतो." लॅबमध्ये लघवीच्या पट्टीवरचे चौकोन तक्त्यावरच्या रंगांशी जुळवून निकाल लिहायचा असतो. स्वप्ना तसं बघायला लागली, आणि वर्षभरात अशी वेळ आली की लॅबमधल्या दोघांत मतभेद झाला तर पट्टी तिच्याकडे यायची.

अशी सात वर्षं गेली. आणि मागच्या वर्षीचा एप्रिल आला.

चौदा एप्रिलच्या आधी वस्तीतल्या विहाराचं फाटक दरवर्षी निळं रंगवायचं, आणि तो निळा कुंडलिकांनी बनवायचा, ही वस्तीची जुनी वहिवाट. डब्यातला निळा तिथे कोणाला चालत नसे. जयंतीच्या सकाळी स्वप्ना गडद निळी साडी नेसून खोलीबाहेर आली, तर कुंडलिक तिच्याकडे बघून म्हणाले, आजच्या दिवशी काळी का नेसलीस? तिला वाटलं चेष्टा करतायत. ती हसली. ते हसले नाहीत.

विहाराशी पोचल्यावर तिला फाटक दिसलं. ते जांभळं होतं. अगदी वांग्यासारखं नाही, पण निळं म्हणायला जीभ वळणार नाही इतकं. कमिटीची मंडळी फाटकाकडे बघत होती आणि मग आपापल्या चपलांकडे बघत होती. सगळे कुंडलिकांना जय भीम घालत होते, फाटक छान झालंय म्हणत होते, आणि कुंडलिक मान हलवून मानाचा स्वीकार करत होते. कोणी म्हणत होतं, रोकडेकाकांनी केलंय म्हणजे काहीतरी विचार असणार. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे येईना. ज्या माणसाने वस्तीला निळा म्हणजे काय ते दाखवलं, त्याला तुझा निळा चुकला असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

स्वप्नाही मूग गिळून बसली. घरी येऊन तिने साडी न बदलताच बिस्किटांचा डबा काढला, 'बोईट' कोरलेली पट्टी शोधली आणि गॅलरीतल्या तारेवरच्या नव्या पांढऱ्या जिगहेडला लावली. नीळ जास्त पडलेल्या शर्टासारखा तो पांढरा निळसर झाला होता. आणि खरं वाईट तिला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. हा निळसरपणा तिला नवीन नव्हता. वर्षभर रोज संध्याकाळी ती तो बघत होती आणि बाबा रंग सुधारतायत असं स्वतःला समजावत होती. तिचाच डोळा शहाणा झाला होता.

नऊ दिवस तिने काढले. सम्यकला सांगितलं तर तो म्हणाला, तूच बोल, माझी हिंमत नाही. दहाव्या दिवशी, भर उजेडात, तिने तारेवरचा एक जिगहेड आणि सात वर्षांपूर्वीचा, मितेशकडून मागून आणलेला एक, असे दोन त्यांच्यापुढे कागदावर ठेवले. जुना कुठला आणि नवा कुठला, एवढंच विचारलं. कुंडलिकांनी एकदा बघितलं, भिंतीकडे नजर नेली, परत बघितलं. जुन्याचा गळ गंजलाय, म्हणाले. रंग एकच आहे.

स्वप्ना कागदाकडे बघत राहिली. कुंडलिकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गोळ्यांकडे, आणि मग परत तिच्याकडे.

"वेगळे आहेत?"

"हो, बाबा."

"किती दिवस झाले?"

"वर्ष झालं असेल."

कुंडलिकांनी हातमोजे काढले, घडी करून ठेवले. "वर्ष," ते म्हणाले. "आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत."

आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि आपण यांचा मान राखला की यांना एकटं सोडलं, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरने स्वप्नाला नीट समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा त्यातून पार होत नाही. माणसाला ते कळत नाही, कारण ते फार हळू होतं. बाबांना पांढरा पिवळा दिसत होता म्हणून ते त्यात निळा घालत होते, आणि निळा मळका दिसत होता म्हणून त्याला उजळवत जांभळ्यापर्यंत नेत होते. ऑपरेशन सोपं होतं. पण कुंडलिकांनी नाही म्हटलं. सम्यकने सांगून बघितलं, मितेशने बघितलं. शेवटी स्वप्नाने कारण विचारलं तेव्हा त्यांनी बिस्किटांच्या डब्यांकडे बोट दाखवलं. या नऊशे पट्ट्या मी ह्या डोळ्याने जुळवल्यात, म्हणाले. आतलं भिंग काढून दुसरं बसवल्यावर त्या कोणी जुळवल्या म्हणायच्या?

लोक सुईला घाबरतात, टाक्याला घाबरतात, पैशाला घाबरतात. हा माणूस घाबरत होता तो आपल्याच नजरेशी अनोळखी होण्याला. स्वप्नाला ते वेडेपणाचं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

त्यांनी काम थांबवलं. चुकीचा रंग माहीत असून लावणार नाही, आणि बरोबर कुठला ते दिसत नाही, इतका सरळ हिशेब. गॅलरीतली तार रिकामी झाली. तीन आठवडे ते पुन्हा तसेच बसून राहिले जसे गॅरेज सुटल्यावर बसले होते, आणि या वेळी टीपॉयवर गोळ्या ओतायला कोणी मितेश येणार नव्हता. स्वप्नाला त्या रिकाम्या तारेकडे बघवेना. आपण तोंड उघडलं आणि या माणसाचं उरलेलं आयुष्य काढून घेतलं, असं तिला वाटायला लागलं. तिने एकदा त्या तारेवर ओले रुमाल वाळत घातले आणि लगेच काढूनही टाकले.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "एकच डोळा," म्हणाले. "उजवा. डावा राहू दे, साक्षीला."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा स्वप्ना शेजारी होती. ते भिंतीकडे बघत राहिले. मग डॉक्टरच्या कोटाकडे. मग स्वतःच्या तळहातांकडे, पुढून-मागून. घरी येताना रिक्षात त्यांनी डावा डोळा उघडून उजव्यावर हात धरला, मग उजवा उघडून डाव्यावर, आणि कळव्याच्या पुलावर पोचेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. खाली खाडीचं पाणी होतं. रिक्षावाला आरशातून बघून चक्रावला होता.

"स्वप्ना," ते शेवटी म्हणाले, "डाव्याने बघितलं की सगळ्या जगावर चहा सांडलाय." मग हात बदलला आणि म्हणाले, "आणि हे आभाळ. हे रोज असंच होतं?"

तिने वर बघितलं. ठाण्याचं रोजचंच आभाळ, धुरकट, निळ्याचा नुसता पुसट हात फिरवलेला. तिने त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. औषधाचं असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांत तर कोणी औषध घातलं नव्हतं.

घरी न जाता त्यांनी रिक्षा विहारापाशी थांबवायला लावली. फाटकासमोर उभे राहिले. आधी डाव्या डोळ्याने बघितलं, मान हलवली. मग उजव्याने. स्वप्नाला वाटलं आता हे कोसळतील. ते हसायला लागले. अरे, केवढं वांगं करून ठेवलंय, म्हणाले.

पुढचा महिना त्यांनी चुकी निस्तरण्यात घालवला, आणि ते बघणं हा सोहळा होता. मितेशला निरोप गेला की वर्षभरातले सगळे पांढरे परत आण. दांडीवाल्यांकडून चाळीसएक जिगहेड गोळा होऊन आले. कुंडलिकांनी एकेकाचा रंग उतरवला, पुन्हा अस्तर दिलं, पुन्हा बोईटचा पांढरा चढवला. कोणी म्हणालं, काका, कशाला त्रास? त्यांनी ऐकलं नाही. फक्त महिपत म्हाताऱ्यांनी आपले परत द्यायला साफ नकार दिला. त्या निळसर गोळीवर त्यांनी मागच्या हंगामात तीन जिताडे काढले होते. ते स्वतः कळव्याला येऊन, पाय दुमडून गॅलरीत बसले आणि म्हणाले, "दादा, मासा काय बोलला नाय. मग तू कनाला बोलतंस?"

"मासा नाही बोलला तरी चालतं, महिपतराव," कुंडलिक म्हणाले. "माणसं बोलली पाहिजेत."

आत भाकऱ्या थापत असलेल्या स्वप्नाचा हात थांबला.

फाटकही त्यांनी पुन्हा रंगवलं. रविवारी, भर दिवसा, सगळी वस्ती येता-जाता बघेल अशा वेळी. कमिटीच्या लोकांना मुद्दाम बोलावून विचारलं, मागच्या खेपेला चुकलं होतं, तुम्हाला दिसलं होतं ना? एकाने आभाळाकडे बघितलं, एकाला फोन आला. कुंडलिकांनी कोणाला शब्दाने दुखावलं नाही. नव्या निळ्याचा शेवटचा हात देऊन झाल्यावर ते मागे सरले, भिंतीकडे बघितलं, मग परत फाटकाकडे. रंग इतका खोल होता की नुकतंच चालायला लागलेलं एक पोर त्यात हात घालायला गेलं आणि कोपरापर्यंत निळं होऊन आलं.

डाव्याचंही करू, साक्ष पट्टीवर ठेवतो, असं एक दिवस ते स्वतःच म्हणाले, आणि त्याआधी त्यांनी तीन दिवस मागून घेतले. त्या तीन दिवसांत त्यांनी उजवा डोळा झाकून, फक्त त्या जुन्या, चहा सांडलेल्या डोळ्याने आठवणीतून एक पांढरा बनवला. तो निळसर येणार हे त्यांना माहीत होतं आणि तो तसाच आला. त्यात पट्टी बुडवली, वाळवली, आणि पाठीवर खिळ्याने कोरलं, 'डावा'. खाली तारीख. नऊशे पट्ट्यांच्या तारेत ती शेवटी ओवली गेली. चुकलेल्या रंगाचीही पट्टी ठेवायची असते, असं त्यांनी स्वप्नाला सांगितलं, नाहीतर पुढच्याला कळणार कसं की कुठे चुकलं. तिला विचारायचं होतं की तुम्ही एवढं सोसता कसं, पण तसं ते सोसल्यासारखं दिसतच नव्हतं. नवीन काही शिकल्यासारखं दिसत होतं.

दुसरा डोळाही झाला. गॅलरीतली तार पुन्हा भरली. एका शनिवारी दुपारी लॅबला अर्धी सुट्टी होती, आणि स्वप्ना घरात पाऊल टाकते न टाकते तोच कुंडलिकांनी हाक मारली. कागदावर दोन ओल्या पट्ट्या होत्या, दोन्ही पांढऱ्या. नवा घाणा केलाय, म्हणाले, दोन्ही बोईटच आहेत, कुठली घेऊ सांग.

तिने बघितलं. दोन्ही सारख्याच होत्या. भिंतीकडे नजर नेली. तिथे तिच्या लग्नाआधीच गेलेल्या सासूबाईंचा फोटो होता, त्यांच्या कपाळावरच्या कुंकवावर नजर ठेवून तिने तीन श्वास मोजले, आणि परत बघितलं. डावीकडची पट्टी तिला खुपली. डोळ्यात कुसळ जावं एवढीच. दोन्ही डोळे आता नवे आहेत, तरी चुकले असतील तर? आणि तिलाच चुकीचं दिसत असेल तर? नऊशे पट्ट्यांच्या माणसाला लघवी तपासणारी सून काय सांगणार? तोंडातून 'दोन्ही छान आहेत' येतच होतं. मग तिला ते वांगी फाटक आठवलं, आणि चपलांकडे बघणारी माणसं.

"डावीकडची नको," ती म्हणाली. "निळी झालीये, बाबा."

कुंडलिकांनी डावी पट्टी चिमट्याने उचलली, उजेडाकडे धरली, आणि बाजूला ठेवली.

"एक थेंब," ते म्हणाले. "वाटीभर पांढऱ्यात एकच टाकलेला. मुद्दाम." आणि मग, हळू, "मला स्वतःला दिसायला दहा वर्षं लागली होती गॅरेजात."

उजवीकडची पट्टी वाळेपर्यंत दोघं तिथेच बसले, आणि स्वप्ना नकळत समोरच्या उघड्या शिशाच्या गोळ्या बोटांनी चाळत राहिली. वाळल्यावर त्यांनी ती उलटी केली, खिळा घेतला, आणि जिथे गाडीचा नंबर असतो तिथे सावकाश, एकेक अक्षर खोल दाबून कोरलं, 'स्वप्ना'. भोक पाडलं. पट्टी तारेत ओवली. ती डोळे पुसायला हात वर नेते तोच त्यांनी तिला थांबवलं.

"शिशाला हात लागलाय तुझा. आधी हात धू," ते म्हणाले. "लाल साबणाने."